बादशाच्या विहिरीवरची पूजा

मल्लव्वाआत्तींनी, माझ्या सासूनं, सकाळी चुलीपुढं बसूनच सांगून टाकलं की उद्या सोमवार, उद्या बादशाच्या विहिरीवर जाऊन गंगा पुजायची. माझ्या हाताखालची भाकरी काठवटीतच फाटली.

आमच्यात बाळंतीण लेकरू घेऊन विहिरीवर जाते, काठावर खडे मांडून हळदकुंकू वाहते आणि भरली घागर घेऊन घरी येते. तोवर तिनं विहिरीचं पाणी शेंदायचं नसतं. लेक दोन महिन्यांची झाली तरी माझी पूजा राहिली होती, कारण बहात्तरच्या त्या दुष्काळात आधी आमची विहीर आटली, मग गावातली. वळसंगच्या रस्त्यापर्यंत काळी रानं अशी भेगाळली होती की बघूनच घसा सुकायचा. पाणी उरलं ते फक्त बादशाच्या विहिरीत. आत्ती कंबरेनं वाकलेल्या, घरधनी दुष्काळी कामावर खडी फोडायला. घागर कोण आणणार?

पण तिथं लेकरू न्यायला माझा जीव धजत नव्हता.

शेजारच्या केराबाईंनी मी नवी नवरी असतानाच सांगितलं होतं. औरंगजेब बादशाची छावणी भीमेकाठी होती, त्याचं लष्कर या वाटेनं आलं, तेव्हा गावच्या बायांनी लेकरं पोटाशी बांधून त्या विहिरीत उड्या टाकल्या. एवढं सांगून त्या त्याच्या नावानं थुंकायच्या. आत्तींचं उलटंच. तहानलेलं गाव बघून त्यानंच विहीर खोदवली, तो देवमाणूस, असं त्या म्हणायच्या. “हीर त्येनंच खोदली, मग बाया त्याच्या आदी कशात पडल्या गं?” असं आत्तींनी डिवचलं की केराबाई फणकारायच्या, “खोदली आमच्या वाडवडलांनी. त्यानं निस्तं नाव लावलं.”

मला बादशाशी काय करायचं होतं? मला भीती त्या बायांची. ज्यांची लेकरं पाण्यात गेली, त्या माझं कशाला सोडतील?

सोमवारी ऊन चढायच्या आत निघालो. लेकीच्या कपाळावर इबत्तीची राख लावली, काजळाची तीट लावली, तरी पदराखाली तिला इतकी आवळून धरली होती की ती कण्हायला लागली. विहिरीपाशी केराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. ओंजळीत जोंधळे. मला वाटलं, आता या हात धरून परत फिरवणार. मनातून तेच हवं होतं.

पण त्या उठल्या. पुढं होऊन पायऱ्या उतरायला लागल्या. “हात धर माजा. हितली पायरी हालतीया.”

आत गार वारं होतं, पाणी काळंभोर. शेवटच्या पायरीवर बसून मी खडे मांडू लागले आणि लेक मोठ्यानं रडली. तिचं रडणं खाली गेलं, भिंतींना लागलं आणि परत आलं. एक नाही, पाच-सहा लेकरं एकदम रडावी तसं. माझ्या हातातलं कुंकू सांडलं. मी उठून वर धावणार तोच केराबाईंनी खांदा दाबला.

“बस. रडू दे तिला. लई वर्सं झाली, त्यांनी लेकराचं रडनं ऐकलं न्हाय.”

“केराबाई, त्या नेतील हो तिला.”

“येडी हाइस. लेकराला कुनी हात लावू ने म्हनून जीव दिला त्यांनी. त्या तुजं कशाला नेतील?”

मग त्यांनी जोंधळे माझ्याच हातानं पाण्यात सोडायला लावले. त्या बायांची ओटी म्हणून. वरच्या पायरीवरनं आत्ती म्हणाल्या, “म्हंजे बादशा वाईट, हे आमी मानायचं व्हय आता?”

“तू कायबी मान, मल्लव्वा. खाली ये अन् नातीला धर. सुनंला घागर भरायचीया.”

आत्ती कंबरेवर हात देत उतरल्या. लेक अजून रडत होती, विहीरही तिच्याबरोबर रडत होती. मी तिला आत्तींच्या हाती दिली. मग मी घागर वाकडी केली आणि पाणी आत शिरायचा आवाज ऐकत राहिले.