जिना नसलेलं घर

आनंदराज सर वारले आणि हिमायतनगरात त्यांचे सोबती एकाएकी उगवू लागले. कुणी त्यांना चहा पाजला होता, कुणी त्यांची सायकल दुरुस्त केली होती. महामायाबाईंचा दावा मात्र सगळ्यांत भारी. एवढा मोठा कादंबरीकार तरुणपणी, साधा मास्तर असताना, त्यांच्याच घरी भाड्यानं राहत होता आणि बाईंच्या हातात पहिलं पुस्तक त्यानं ठेवलं होतं. बाई शाळेतून निवृत्त होईपर्यंत ही गोष्ट दर वर्गाला सांगत आल्या. मिरवायला त्यांच्याकडे एवढं एकच होतं.

म्हणून सरांचं चरित्र लिहिणारी पुनम लातूरहून आली, तेव्हा बाई ठेवणीतली साडी नेसून मोबाइलसमोर बसल्या.

"धा वर्षांची व्हते मी. सर जिन्यात उभे. वरून वाकून म्हणले, 'पोरी, हे वाच.' पुस्तक पेपरात गुंडाळलेलं. मी तिथंच पायरीवर बसून वाचून काढलं."

"मावशी, त्या जिन्याचा फोटो घेऊ का?"

"घे की!" बाई हौसेनं अंगणात आल्या आणि घराकडे बघत उभ्याच राहिल्या. घर बैठं, वर पत्रे. माडी कधी नव्हतीच, तर जिना कुठून येणार?

पुनमनं संकोचून पिशवीतून सरांची गाजलेली कादंबरी काढली. उघडायची गरज नव्हती. दर उन्हाळ्यात बाई ती वाचायच्या आणि चुलीवरचं वरण करपवायच्या. जिना, वाकलेला मास्तर, पायरीवरची पोरगी, सगळं त्यातलंच होतं.

पायरीचा गारवा बाईंच्या पायांना अजून जाणवत होता आणि पायरी तर नव्हतीच! सरांनी आपल्यावरून लिहिलं, की आपणच वाचून वाचून आपलं करून घेतलं? एवढ्या वर्गांना थापा मारल्या की काय, या विचारानं त्या शरमल्या.

"मंग मला पुस्तक दिलं कुणी गं?" त्या पुनमलाच विचारू लागल्या.

"कादंबरीत नाही असं काही आठवतं का?"

बाई उंबऱ्यावर बसल्या. सरांचा चेहरा आठवू गेल्या, तर मागच्या पानावरचा फोटोच समोर यायचा. मग कुठून तरी रॉकेलचा वास आला. कादंबरीत रॉकेल नव्हतं.

"आई," त्या हळूच म्हणाल्या. "सरांची खोली झाडायची ती. कंदील भरून आली, तशाच हातानं पदराखालून पुस्तक काढलं. तिला अक्षर येत न्हवतं, उलटंच धरलं व्हतं. म्हणली, 'वाच, पण मास्तरला सांगू नको.'"

पुनमनं कादंबरीवर बोट ठेवलं. "पण मावशी, यात सरांनी तर मास्तरनं पुस्तक दिल्याचं लिहिलंय."

"म्हंजे आईनं पुस्तक नेलं हे त्यांला कळलं व्हतं?" बाई चक्रावल्या. "आन् कळून बोलले न्हाईत? उलट आपल्या हातानं दिलं म्हणून लिवलं? काय समजायचं मी आता?"

"हे नक्की आठवतंय ना तुम्हाला?"

"आता कशाचीच खात्री न्हाई बघ. पण तो वास माझा हाय."

"मग चरित्रात काय लिहू? आईंनी चोरलं असं कसं लिहायचं?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"चोरलं म्हणूनच लिही. आन् आईचं कोंडाबाई हे नाव पुरं लिही बाई. एवढ्या वर्गांत मी ते एकदाबी घेतलं न्हाई."