बंद दुकानातला दिवा

आमच्या रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद पडायला लागली, तेव्हा भावजींना एक कल्पना सुचली. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रंगांचं दुकान चालवतात आणि दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष आहेत. त्यांना काही सुचलं की मी आधीच पदर खोचते, कारण शेवटी राबायचं वहिनीनेच.

"वहिनी, रिकामी दुकानं बघून गिऱ्हाईक बिचकतं," ते म्हणाले. "कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली ना, तिची काच आपण सजवू. प्रत्येकाने आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू तिथे मांडायची. रस्ता कसा भरल्यासारखा दिसेल."

"आणि आपापल्या दुकानात काय मांडायचं?"

"तुम्ही ना, कशातही खोडा घालता."

आमच्या यांनी भावाकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे बघून हलवली. झालं, यांचं मत देऊन झालं.

माझं दुकान दिव्यांचं. त्यातला सगळ्यात देखणा दिवा भावजी घेऊन गेले. पितळी खांबाचा, उभा, वर कापडी शेड. ते कापड मी स्वतः ताणून शिवलेलं, बोटांची चाळण झाली होती. न्हाव्याने तर आपली नवी फिरती खुर्ची काचेत नेऊन ठेवली आणि गिऱ्हाइकांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायला लागला. आता याला काय म्हणायचं?

काच सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी आत दिवा लागला की लोक थांबायचे, फोटो काढायचे, दाराची मूठ ओढून बघायचे. दार बंद. मग माझ्या सताड उघड्या दारावरून तसेच पुढे निघून जायचे. मी काउंटरमागून बघत बसायची आणि माझं डोकं भणभणायचं.

त्यात माझ्या दुकानाचा करार महिनाअखेर संपत होता. मालक येऊन सांगून गेला, सही करा नाहीतर जागा सोडा. हे म्हणाले, सोडून टाकू. मला सोडायचं नव्हतं. दिवे सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि घरी बसून यांची मान हलताना बघायची तर माझी अजिबात तयारी नव्हती.

अशात एक दिवस नवरा-बायको दुकानात आले. मी उठून उभी राहिले.

"ते कोपऱ्यावरचं दुकान कधी उघडतं हो?" बाईंनी विचारलं. "तिथला तो पितळी दिवा हवा होता. आम्ही छोटंसं हॉटेल काढतोय, प्रत्येक टेबलाशी तसा एक ठेवायचाय."

"तो माझाच आहे. मीच बनवते," मी म्हटलं.

दोघांनी माझ्या दुकानावर नजर फिरवली. फळीवर साधे बल्ब, वायरची भेंडोळी आणि धूळ खात पडलेले दोन टेबललॅम्प. चांगलं होतं नव्हतं ते सगळं त्या काचेत. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

"बसा, आत्ता आणून दाखवते," म्हणत मी भावजींना फोन लावला, कारण किल्ली अध्यक्षांकडे. मागे गाण्यांचा धांगडधिंगा चालला होता.

"वहिनी, आम्ही जरा मॉलमध्ये आलोय. हिला खरेदी करायची होती. येतोच."

ज्या मॉलने आमचा रस्ता ओस पाडला, त्याच मॉलमध्ये आमचे अध्यक्ष. तळपायाची आग मस्तकात गेली. समोर गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून गोड आवाजात "लवकर या" म्हटलं. त्या दोघांनी बरीच वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, "नंतर येऊ" म्हणाले आणि गेले. ते परत आले नाहीत.

भावजी आले ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एका पिशवीतून शेड डोकावत होती.

"काय आहे हे?"

"दिवा," ते म्हणाले आणि जरा चाचरले. "हिला आवडला. स्वस्त पडला, वहिनी."

मी भांडले नाही. भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. हात पुढे केला, किल्ली घेतली आणि तशीच मालकाकडे गेले. बेकरीही त्याचीच होती. म्हटलं, माझी जागा तुम्हाला परत, मला बेकरी द्या. लोक त्या दाराची मूठ ओढतात, तर ते दार उघडायला तिथे कुणीतरी असलेलं बरं. वर्षभर रिकामी पडलेली जागा, त्याने भाडं वाढवायचं नावही काढलं नाही. मी तिथल्या तिथे सही केली.

न्हाव्याची खुर्ची न्हाव्याकडे गेली, ज्याचं त्याला मिळालं. मी कापड आणि शिवणाचं मशीन काचेलगत मांडलं. पहिल्याच दिवशी एका म्हातारबुवांनी दाराची मूठ ओढली आणि दार उघडलं म्हणून तेच दचकले. एक शेड शिवायला टाकून गेले.

आठवडाभराने भावजी तोंड पाडून आले. आता माझं जुनं दुकान रिकामं दिसत होतं.

"वहिनी, रस्त्यासाठी म्हणून तरी तिथली काच सजवायला हवी. काय मांडू या?"

मी सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हटलं, "मॉलमधून आणलाय ना, तो दिवा मांडा."