तुटलेल्या लाल रेघा

तिला अख्खं वर्कशॉप 'वन्सं' म्हणायचं. खरं तर ती एकट्या भावजयीची वन्सं. पण भावजय समोरच्याच टेबलावर कामाला, तिचं ऐकून मालकाच्याही तोंडी तेच बसलं. आता लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

काम कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलचं. जाडजूड केबल तांब्याच्या पट्टीला बोल्टने जोडायची, पान्याने आवळायची आणि नट-बोल्टवरून लाल रेघ ओढायची, हे वन्संचं काम. रेघ म्हणजे सहीच. मग भावजयीने जोर पुरेसा झाला की टक् वाजणाऱ्या पान्याने तपासायचं, बाजूला पिवळा ठिपका द्यायचा. नट ढिला निघाला तर मालकाला सांगायचं, हा नियम. ढिला जोड तापतो आणि एक दिवस पॅनेल पेटतं, मग रडून उपयोग नाही.

वन्संचं मनगट मोडून नुकतंच जुळलं होतं. हात ठणठणीत आहे, असं ती न विचारताच सांगत सुटायची. आवळायचं काम सुटलं की उरतं लेबलं चिकटवणं. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं तिचं मत.

पिवळा ठिपका पडला की वन्सं त्या पॅनेलकडे परत बघायची नाही. त्या दुपारी मात्र क्लॅम्प लावणारा आला नव्हता, म्हणून केबल क्लॅम्पमध्ये बसवायला तीच वाकली. बघते तर खालच्या रांगेतल्या लाल रेघा तुटलेल्या. बोल्टवरचा तुकडा जागेवर, नटावरचा सरकलेला. तिच्या मागून कुणीतरी नट फिरवला होता. कुणी, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"कधीपासून आवळतेयस माझे बोल्ट?" तिने भावजयीला गाठलं.

"प्लास्टर निघाल्यापासून."

"मालकाला का नाही सांगितलंस?"

"तुमचं काम गेलं असतं."

"मग रेघ पुसून नवी ओढायचीस. मला पत्ताही लागला नसता."

भावजय पान्याशी चाळा करत राहिली. "तेवढं मात्र नाही जमलं, वन्सं. तुमची रेघ मी कशी ओढू?"

वन्संला राग आला. मला विचारल्याशिवाय हे उपकार कशाला, असं तोंडावरही आलं. पण एखाद्या दिवशी ही रजेवर असती तर? पुढचा विचार तिला करवेना.

तिने फडक्याने खालच्या रांगेतल्या रेघा पुसल्या, लाल पेन भावजयीच्या हातात दिलं आणि मालकाला बोलावून घेतलं.

"आजपासून आवळायला ही. तपासायला दुसरं कुणी बघा."

मालक गोंधळला. "का हो? हाताला काही होतंय का?"

वन्सं नेहमीचं उत्तर द्यायला गेली, पण ते आलंच नाही.

"दुखतो," ती म्हणाली. "रोज दुखतो. फार दुखतो हो." आणि सगळ्यांच्या देखत ती रडायला लागली. भावजयीने स्टूल ओढून तिला खाली बसवलं.