न फोडलेले पाकीट

पूर्णिमाने पांढरे पाकीट काट्यावर ठेवले. आकडा स्थिरावला. उचलून पुन्हा ठेवले, आकडा तोच. पाव किलो, दिले होते तसेच. पाकिटाचे तोंडही कापलेले नव्हते.

"आईनं या मसाल्याला पाचपैकी पाच दिले होते," ती म्हणाली.

शेजारच्या मलिकाचाची ओट्यापाशी चहा गाळत होत्या. पूर्णिमाच्या आईचा, विठाबाईंचा तेरावा नुकताच झाला होता. पूर्णिमा कोल्हापूरहून वडगावला आली की या घरात पहिला चहा आता त्याच करत.

पूर्णिमा एका मसाला कंपनीत बाजार-संशोधन करत होती. नव्या कांदा-लसूण मसाल्याला एक ते पाच गुण द्या, असे घरोघर विचारले तेव्हा सगळीकडून पाच आले. काही दिवसांनी पुन्हा विचारले, पुन्हा पाच. मालक विजयसिंह खूश झाले. पूर्णिमा एकटी अडून बसली. उत्तर बदलत नाही म्हणून ते चवीबद्दलच आहे असे कसे म्हणायचे? दारात आलेल्या पाहुणीच्या मसाल्याला इकडे कोण नावे ठेवणार? आपण पाहुणचार मोजतोय, ती म्हणाली होती. गुण सोडा, घरात मसाला किती उरला ते तोला. विजयसिंहांनी ते मानले. मसाला बाजारात आणायचा की नाही, हे उद्याच्या बैठकीत त्या वजनांवरच ठरणार होते.

आईचे पाकीट या मोजणीत नव्हते. घरच्या माणसाला नमुन्यात घेत नाहीत. विठाबाईंनी ते हट्टाने मागून घेतले होते.

"म्हणजे आवडला नाही. मला तरी खरं सांगायचं."

"आवडायला चाखलावता कुठं?" चाची हसल्या. "पाच कसलं, शंभर मागितलं असतंस तर शंभर दिलं असतं आक्कानं. मी किती येळा म्हटलं, फोड की, जरा आमटीत घालून बघू. हात लावू देईल तर शपथ!"

"का?"

चाचींनी पाकीट उचलून उलटे केले. मागे तक्रारीसाठी छापलेल्या दोन ओळी होत्या : पूर्णिमाचे पूर्ण नाव आणि फोन नंबर.

"दूधवाला येऊ दे, न्हाईतर इमामची सून, शोकेसमधनं काढून दाखवायची. 'आमच्या पूर्णीचं नाव छापलंय, वाचा की!' मला तर पाठ झालंय. आन् कालवणात आपला घरचाच मसाला."

पूर्णिमाने पाकीट हातात घेतले. त्याचे कोपरे मऊ पडले होते. नावाची शाई नंबरापेक्षा फिकट होती.

फोन वाजला. विजयसिंहांचा.

"मॅडम, झालं काय तोलून? भरलेली पाकिटं परत आली ती नापसंत धरायची न्हवं?"

"नाही सर. त्या सगळ्या घरी मला पुन्हा जावं लागेल. का वापरला नाही ते विचारायला."

"आता? उद्या बैठक हाय की! आन् पद्धत तुमचीच न्हवं?"

"माझीच. म्हणून तिच्यातली चूकही मीच सांगणार. बैठक पुढं ढकला."



"बरं, घ्या आठवडा. पण झालं काय?"

"एका घरी विचारायचं राहून गेलं, सर."

चाचींनी कप तिच्यापुढे सरकवला. तिने आधी पाकीट शोकेसमध्ये, स्टीलच्या पेल्यांपुढे उभे केले. मागे सरून पाहिले. मग नावाची बाजू पुढे येईल असे ते फिरवले.

बाहेर दूधवाल्याने चाचींना हाक मारली.

"इकडं आत या की जरा," पूर्णिमा म्हणाली.