न सांगितलेलं पान

या बेटावर माती मिळत नाही, ती करावी लागते. खाली नुसती वाळू आणि प्रवाळाची खडी. म्हणून पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात बाबाई लावायची, म्हणजे अळकुडीची थोरली बहीणच, बुंध्याभोवती बिनतळाची टोपली विणायची आणि वर्षानुवर्षं पाला कुजवून तिला भरवायचं. कुठला पाला, किती दिवस वाळवलेला, हे ज्याचं त्याच्या घरात. बाप मुलाला सांगतो, तेही एकांतात.

तेकाईच्या खड्ड्यातली माती चार पिढ्यांची, काळीभोर. पण त्याचे दोन्ही मुलगे जहाजांवर, आणि माडावरून पडल्यापासून म्हाताऱ्याचा गुडघा कामातून गेलेला. खड्ड्यात उतरायला उरली ती सून, रोतिया, शेजारच्या बेटावरची. पुढल्या वर्षी तेकाईच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळं गाव जमणार, त्यांच्यापुढे बाबाई मांडायची. ती मुठीएवढी निघाली तर घराचं नाक कापलं जायचं.

म्हातारा काठावर बसून हुकूम सोडू लागला.

"नीरफणसाची पानं घाल. फाडून घाल. आता दाब. अगं, बाळाला थोपटत नाहीयेस, दाब जोरात."

"मग तुम्हीच या खाली," रोतिया म्हणायची. "टोपलीत बसवून उतरवते."

त्यानं सगळं सांगितलं, एक पान सोडून. पिवळ्या फुलांच्या झुडपाचं, तीन दिवस सावलीत वाळवलेलं. उद्या ही माहेरी जाऊन बोलली तर? असं मनात आलं आणि जीभ अडली. आपल्या हुशारीवर तो खूष झाला, पण आठवडाभरच. मग ध्यानात आलं, की उपाशी राहणार ती आपलीच माती आणि फजिती होणार तीही आपल्याच लेकीच्या लग्नात. शहाण्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. रोज तो सांगायचं ठरवायचा आणि रोज हवापाण्यावर बोलून उठायचा. वर्ष असंच गेलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबाई उपटायला रोतियाला दोन शेजारी बोलवावे लागले. एवढी थोर बाबाई तेकाईनं बापाच्या हातचीही पाहिली नव्हती. त्यानं हट्टच धरला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला उचलून खाली उतरवलं आणि ते बाबाई घेऊन गेले. त्यानं मूठभर माती नाकाशी नेली. मऊ, गार, जिवंत माती. आनंदानं त्याचा ऊर भरून आला. पण वास वेगळा होता.

"काय घातलंस यात?"

"माझ्या बापाचं पान. त्याला मुलगा नव्हता, मलाच सांगून गेला. कुठलं ते विचारू नका."

तेकाईनं खाली बघत म्हटलं, "माझं एक सांगायचं राहिलं होतं."

"ठाऊक आहे. पिवळ्या फुलांचं. लग्न होऊन आले त्याच वर्षी कळलं. चुलीमागे चटईखाली वाळत घालायचात, मला काय नाक नाही?"

"मग घातलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं ना, बाबा."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, तशी माती गालभर लागली. मग काठावर कुणी नाही ना ते पाहून त्यानं सुनेला जवळ बसवलं आणि त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं तसं, पहिल्या पानापासून सगळं सांगितलं, तिला ठाऊक असलेलंसुद्धा.