एकाच चालीवरची दोन गाणी

ऋतानं पार्कच्या बाहेर गाडी लावली आणि इंजिन बंद न करताच म्हणाली, "आई, यू डिसाइड. डॅडी माझं ऐकत नाही, डॉक्टरचंही ऐकत नाही. तुझं ऐकेल."

तिचे वडील, म्हणजे माझा नवरा डीकन, मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन झोपला होता.

ठरवायचं एवढंच होतं. उन्हाळ्यात युरोपात जुन्या गायकांचा दौरा निघणार होता. त्यात डीकननं जायचं की नाही? दौऱ्याची आयोजक बाई आजच्या कार्यक्रमाला लंडनहून येणार होती आणि तिला आजच उत्तर हवं होतं. डीकनला जायचं होतं. पण मागच्या ऑक्टोबरात ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला एका आजाराचं नाव दिलं होतं. ते ऐकल्यावर मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की पार्किंगच्या तिकिटावर शिक्का कुठे मिळतो. तेव्हापासून मला विशेष काही वाटत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर होतं तसं. दाढ जागेवर आहे हे कळतं, एवढंच.

डीकन हे त्याचं खरं नाव नव्हे. तो एव्हरल्ड पिनॉक, जमैकातल्या क्लॅरेंडनचा. वडील चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीबुवांच्या हाताखालचे सेवेकरी. मुलगा नाचगाण्यात पडला म्हणून गावच्या पोरांनी चिडवायला हे नाव ठेवलं आणि पुढे तेच रेकॉर्डवर छापलं गेलं. सत्तरच्या दशकात ब्रॉंक्समधल्या एका हॉस्पिटलात आम्ही भेटलो. मी लॅबमध्ये होते, तो स्ट्रेचर ढकलायचा आणि सुट्टीच्या दिवशी गायचा. माझ्या सांगलीच्या घरी हे कळल्यावर काय झालं ते लिहीत नाही. ती माणसं आता राहिली नाहीत. पुढे आई आमच्याकडे येऊन राहिली आणि त्याला जावईबापू म्हणायला लागली. ती मला सारखी "अगं, अगं" करायची, म्हणून त्याला वाटलं ते माझं घरचं नाव. मी दुरुस्त केलं नाही. अजूनही शरयू असं तो फक्त पाहुण्यांसमोर म्हणतो.

ऐंशीच्या दशकात त्याचं 'गेट नो लॉक' गाजलं. आमच्या फाटकाला कुलूप नाही, कोणीही या, असं ते गाणं. न्हाव्याच्या दुकानात, वाण्याच्या दुकानात, शेजारच्या गाडीत, जिथे जाऊ तिथे ते लागलेलं असे. तो लंडनला गेला, जपानला दोनदा गेला. मग नवी पोरं आली, मशीनवरचे ठोके आले, आणि डीकन पुन्हा स्ट्रेचर ढकलायला गेला. कुरकुर न करता गेला. म्हातारपणी जुन्या गाण्यांचे महोत्सव सुरू झाले तेव्हा लोकांना त्याची आठवण आली.

जमैकन गायकांच्यात एक रीत आहे. वाद्यांची एक चाल बांधतात, तिला रिदिम म्हणतात, आणि तिच्यावर दहा गायक आपापली दहा गाणी गातात. आपलं भजनी मंडळ एका चालीवर वेगवेगळे अभंग म्हणतं तसं. 'गेट नो लॉक'च्या रिदिमवर त्याच्या जिवलग मित्राचं, क्लिफ्टनचंही एक गाणं होतं, बाजारात केळी विकणाऱ्या आईवरचं. क्लिफ्टन दम्यानं गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली.

दुसरी रीत अशी, की गाणं फार आवडलं तर लोक ते पुढे जाऊच देत नाहीत. आरडाओरडा करून पहिल्या कडव्यालाच थांबवतात, आणि रेकॉर्ड लावणारा ती पुन्हा पहिल्यापासून लावतो. याला पुल-अप म्हणतात. आपला वन्स मोअरच, फक्त गाणं संपायची वाट न बघणारा.

आम्ही ब्रॉंक्सला असताना क्वीन्समध्ये मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा डीकनला गायला बोलावलं होतं. नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड लावायला त्याचा नेहमीचा सोबती बर्टी होता. मागे उभ्या असलेल्या तिघाचौघा जमैकन मित्रांनी गलका केला आणि बर्टीनं तीनदा गाणं मागे नेलं. पहिल्या रांगेतल्या सुलभाकाकू माझ्या कानाशी लागल्या. "शरयू, रेकॉर्ड घासलीय का गं? बिचाऱ्याचं गाणं पुढेच सरकत नाहीये."

त्यांच्या पलीकडून राजारामकाका म्हणाले, "सरकत नाही तेच बरंय. तेवढंच कमी ऐकावं लागतंय."

मी हे डीकनला घरी येताना सांगितलं. माझ्यापेक्षा तोच जास्त हसला.

तर त्या दिवशी, चँडलरजवळच्या त्या पार्कात, मार्चमधलं दुपारचं ऊन होतं. हिवाळा काढायला ॲरिझोनात आलेले पेन्शनर घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. विद्यार्थी होते, थोडे जमैकन होते, आणि ऋताच्या ऑफिसातला यश होता. "काकू, अंकल म्हणजे लेजंड आहेत यार," असं म्हणून तो माझ्या पाया पडला आणि बिअर आणायला गेला. मी स्टेजच्या कडेला बर्टीच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बर्टीही आता ऐंशीच्या पुढचा आहे.

डीकननं माइक घेतला. आवाज जसाच्या तसा होता. 'गेट नो लॉक'चं पहिलं कडवं झालं. फाटक झालं, अंगण झालं. मग केळी आली.

तो न अडखळता क्लिफ्टनच्या गाण्यात शिरला होता. चाल तीच, त्यामुळे कुठे सांधा दिसला नाही. बर्टीचा हात रेकॉर्डवर तसाच थांबला. पण पुढे उभ्या असलेल्या जमैकन म्हाताऱ्यांनी क्लिफ्टनचे शब्द ओळखले. त्यांना वाटलं, डीकन मेलेल्या मित्राची आठवण काढतोय. त्यांनी हात वर केले, भोंगे वाजवले, ते पुल-अप मागायला लागले. बर्टीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि रेकॉर्ड मागे नेली.

डीकननं पुन्हा 'गेट नो लॉक' धरलं. फाटक, अंगण, आणि त्याच जागी पुन्हा केळी. या वेळी गलका दुप्पट झाला. एक बाई रडायला लागली. बर्टीनं परत मागे नेली. तिसऱ्यांदा मात्र त्यानं हात लावला नाही, आणि डीकननं क्लिफ्टनचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मग टोपी काढून लोकांना म्हणाला, "हे गाणं मी ब्रॉंक्सला लिहिलं. माझ्या बायकोसाठी. ती बघा, तिथे बसलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात हलवला.

कार्यक्रमानंतर आयोजक बाई आधी माझ्याकडे आली. उन्हानं तिचं नाक लाल झालं होतं. "मिसेस पिनॉक, ते एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं, काय सुंदर कल्पना आहे. दौऱ्यात रोज तेच ठेवू या. त्याच जागी." ती पाणी आणायला गेली तसा बर्टी खुर्ची ओढून माझ्याजवळ आला.

"सिस्टर, हो म्हणा. मी सांभाळतो त्याला. चुकला की मागे नेतो. लोकांना काय कळतंय?"

"आणि विमानतळावर? हॉटेलात रात्री उठला तर?"

"मी आहे ना."

"बर्टी, मघाशी तुझा चष्मा तुझ्या डोक्यावर होता आणि तू मला शोधायला लावलास."

"म्हणून तर. एकाचा चष्मा दुसरा शोधेल." तो हसला, मी हसले नाही. मग तोही थांबला.

मला त्या क्षणी सांगलीचं थिएटर आठवलं. मी आठेक वर्षांची असेन. वडील संगीत नाटकाला घेऊन गेले होते. एक म्हातारा नट पद म्हणता म्हणता शब्द विसरला. लोकांनी प्रेमानं वन्स मोअर दिला, ऑर्गनवाल्यानं सुरुवात धरली, नट परत त्याच ओळीवर अडला. पुन्हा वन्स मोअर. असं चारदा झालं. माझ्या वडिलांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. येताना टांग्यात त्यांनी त्या नटाची नक्कल केली. विसरण्यापूर्वी तो डोळे कसे मिटायचा ते करून दाखवलं, आणि टांगेवाल्यासकट सगळे हसले. वडील वाईट नव्हते. टाळ्याही त्यांनी मनापासूनच दिल्या होत्या. आणि तो नट चार वन्स मोअर मिळाले म्हणून खुशीत घरी गेला असणार.

डीकन तंबूच्या सावलीत संत्रं सोलत बसला होता. मी शेजारी बसले.

"अगं, दोन पुल-अप. या वयात. मोजलेस?"

"मोजले."

"बाई खूश आहे?"

"खूप."

"मग झालं तर. लंडनला तुला थंडी वाजेल, तो जाडा कोट घे."

"डीकन, तू क्लिफ्टनचं गाणं म्हटलंस."

त्याचा हात थांबला नाही. साल गोल गोल निघत राहिली. "नाही."

"म्हटलंस. तिन्ही वेळा."

त्यानं बर्टीला हाक मारली. "बर्टी, मी काय गायलो?"

बर्टी वायर गुंडाळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गेट नो लॉक. दुसरं काय गाणार तू?"

डीकन आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिला. कोणाचं खरं, ते त्याचं त्यालाच ठरवायचं होतं.

शेवटी म्हणाला, "बर्टी जन्मभर माझ्याशी खोटं बोलत आलाय. हॉलमध्ये अकरा माणसं असली तरी पडद्यामागे येऊन सांगायचा, भरलाय. तू तर माझ्या आईला तिचा केक कच्चा आहे म्हणून सांगितलंस. पहिल्याच भेटीत."

"कच्चाच होता."

"होता." त्यानं अर्धं संत्रं मला दिलं. उरलेल्या अर्ध्याच्या फोडी सुट्या केल्या. "सगळं म्हटलं मी? शेवटपर्यंत?"

"सगळं. एक शब्द चुकला नाही."

"क्लिफ्टन शेवटच्या कडव्यात दर वेळी चुकायचा," तो म्हणाला. मग, "त्या बाईला तू सांग. मला तिचं नाव आठवत नाहीये."

मी जाऊन सांगितलं, डीकन येणार नाही. तिनं विचारलं, तब्येतीमुळे का? मी हो म्हटलं. तिनं विचारलं, निदान लंडनचा एक कार्यक्रम? मी नाही म्हटलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. मला फक्त तिची बोटं गार असल्याचं जाणवलं.

परत आले तर बर्टी रेकॉर्डची पेटी बंद करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही त्याचं गाणं बंद केलंत, सिस्टर."

"घरी गाईल ना. जे आठवेल ते, ज्याचं आठवेल त्याचं."

"आणि घरी ओरडणार कोण?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात ऋता आली. माझ्याकडे बघूनच तिला कळलं. तिनं वडिलांना एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. "स्लोली, डॅडी," ती म्हणाली. खुर्च्या गोळा करणाऱ्या माणसांमधून वाट काढत आम्ही चालू लागलो. दोघाचौघांनी त्याला थांबवून हात मिळवला आणि डीकननं प्रत्येकाला, आल्याबद्दल, धन्यवाद दिले.