सातवा फोटो

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. मित्रांनो, एवढं एक वाक्यसुद्धा मी आजवर आपणहून बोललेलो नाही. विचारलं तरच उत्तर द्यायचं आणि सांगितलं तरच काम करायचं, अशी माझी घडण. आज कोणी विचारलेलं नसताना बोलतो आहे. माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती ठाऊक असलेला जगात मी एकटाच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी चिमट्याने माझे अवयव जागच्या जागी बसवले. दिसायला मी करडा, जाडजूड, साबणाच्या मोठ्या वडीसारखा. तुमच्या फोनला केवढा पडदा असतो! मला तो नव्हता. डोळा लावून बघायला एक छोटी खिडकी, वर एक बटण, बाजूला वायरीचं भोक आणि आत चार सेल. काढलेले फोटो माझ्या पोटात राहायचे. ते बघायचे तर मला कॉम्प्युटरला जोडावं लागे. पोटात सोळा फोटो मावत, आणि तेवढ्यावरही लोक तोंडात बोट घालत.

मला विकत घेतलं ते कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराने. सगळी गल्ली त्यांना दातवाले काका म्हणायची. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे जबड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवत आणि काका त्यांवरून मेणात एकेक दात रचून कवळी तयार करत. कधी एखादा साचा वाटेतच फुटे आणि डॉक्टर त्याचं खापर काकांच्या डोक्यावर फोडत. म्हणून साचा आला की आधी त्याचा फोटो काढायचा, असं काकांनी ठरवलं. थोडक्यात काय, मला आणलं ते भांडणात साक्ष द्यायला.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. काका मला हातात घेत, एक डोळा मिटून माझ्या खिडकीतून बघत आणि श्वास रोखून बटण दाबत. माणसाचं बोट आपल्यावर टेकतं, क्षणभर थांबतं आणि मग दाबतं, यासारखं सुख कॅमेऱ्याला दुसरं नाही. पण काकांचे हात सदा प्लास्टरने माखलेले. महिन्याभरात माझं बटण त्या पांढऱ्या लगद्याने घट्ट बसलं.

काकांची लेक कॉम्प्युटर शिकत होती. तिने दात घासायच्या ब्रशाने माझं बटण मोकळं केलं, मला एका लोखंडी दांड्यावर आवळून बसवलं आणि माझ्या भोकात वायर खुपसली. वायरीचं दुसरं टोक खोलीच्या पार पलीकडच्या कॉम्प्युटरला लावलं. त्याच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं, की तो हुकूम वायरीतून माझ्यापर्यंत येई. ‘स्नॅप’ म्हटलं की मी फोटो काढायचा. ‘काउंट’ म्हटलं की पोटात किती फोटो आहेत ते सांगायचं. ‘गेट ऑल’ म्हटलं की सगळे पाठवायचे, ‘गेट स्मॉल’ म्हटलं की त्यांच्या छोट्या प्रती. ‘इरेज’ म्हणून पुढे आकडा टाकला की त्या नंबरचा फोटो पुसायचा. लेकीने हे एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला टांगलं. पोट भरलं की जुने फोटो पुसायचं काम मात्र तीच करे.

“बाबा, आता कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही. जे काय सांगायचं ते इथून सांगायचं,” ती म्हणाली.

ती खुशीत होती, काकाही खूश झाले. मला मात्र वाळीत टाकल्यासारखं वाटलं. दिवसभर समोर जबडे. ना गाल, ना डोळे, ना ओळखदेख. हुकूम आला की डोळा उघडायचा, मिटायचा आणि ‘ठीक’ असं उलट कळवायचं. काका खोलीतच असत, पण पाठ करून. काम कितीही चोख केलं तरी वायरीतून शाबासकी येत नाही, हे मला हळूहळू कळलं.

माझ्याशी बोलत त्या फक्त काकू. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने माझी काच पुसत. “काय रे, जबडे बघून बघून कंटाळला असशील,” असं म्हणत आणि स्वतःच मान हलवत. काकूंचे पुढचे दात केव्हाच गेले होते. दातवाल्याची बायको आणि तीच बोळकी! दिव्याखाली अंधार, असं शेजारणी तोंडावर म्हणत. काकू ओठ मिटून ऐकून घेत आणि म्हणत, “हसतील त्यांचे दात दिसतील. माझे नाहीतच, मग मी कशाला हसू?” काका दर महिन्याला म्हणत, “एवढं हातातलं उरकलं की तुझीच कवळी घेतो बघ.” हातातलं काही उरकत नसे.

शेवटी एकदाची काकूंची कवळी झाली. काकांनी तिच्यावर तीन महिने घालवले. ती बसवली त्या दिवशी त्यांनी माझी मान साच्यांवरून काढून स्टुलावर बसलेल्या काकूंकडे वळवली. माझ्या पोटात तेव्हा सहा साच्यांचे फोटो होते. काका पलीकडे गेले आणि एका बोटाने ‘स्नॅप’ टाइप केलं. मित्रांनो, हुकूम माझ्यापर्यंत यायला आणि माझा डोळा जागा व्हायला चार-पाच सेकंद लागत. काकू पाठ ताठ करून, ओठ आवळून बसल्या होत्या. काहीच होईना. शेवटी त्या न राहवून म्हणाल्या, “अहो, फोटो काढताय की तार पाठवताय?”

आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या खळखळून हसल्या. नेमका तेव्हा माझा डोळा उघडला. तो माझा सातवा फोटो. असा फोटो मी आधी कधी काढला नव्हता आणि नंतरही मला जमला नसता.

पुढच्याच आठवड्यात काकू आजारी पडल्या. काकांनी साचे घेणं बंद केलं. दोन महिन्यांनी काकू गेल्या.

फोटोंच्या टपालाच्या तिकिटाएवढ्या छोट्या प्रती वायरीतून चटकन जात. काकांनी त्या एकदा मागवून घेतल्या होत्या. रोज संध्याकाळी ते काळ्या पडद्यासमोर बसत आणि त्यातली काकूंची छोटी प्रत बघत. लेक तेव्हा नोकरीसाठी दूर राहायला गेली होती. तिने फोनवर आईचा फोटो मागितला तेव्हा काकांनी तीच छोटी प्रत पाठवली.

“बाबा, हा नको. मोठा पाठवा ना. यात दातांच्या जागी नुसते चार ठिपके आहेत,” ती म्हणाली. फोन माझ्या दांड्याजवळच्या टेबलावर होता, म्हणून मला तिचं बोलणं ऐकू यायचं.

“मोठा मला बघवत नाही गं. आणतो. सावकाश आणतो.”

असं करता करता वर्ष गेलं. मग एक दिवस काकांनी मन घट्ट केलं आणि ‘गेट ऑल’ टाइप केलं. एक मोठा फोटो जायला दहा मिनिटं लागत, आणि माझे सेल पाचव्या फोटोलाच मान टाकत. नवे सेल घालून काकांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. एकच फोटो पाठवायचा हुकूमही मला येत होता, पण तो पुठ्ठ्यावर लिहायचा राहून गेला होता. मग काकांनी विचार केला, की आधीचे सहा साचे पुसून टाकू, म्हणजे एकटी तीच उरेल आणि आरामात येईल. तिला जपण्यासाठीच त्यांनी पुसायला घेतलं, हे तुम्ही विसरू नका.

‘इरेज १.’ मी पहिला साचा पुसला. आता नीट ऐका. पहिला गेला की माझ्याकडचे बाकीचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. दुसरा होतो पहिला, तिसरा होतो दुसरा. काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टाइप केलं, ‘इरेज २.’ गेला मूळचा तिसरा. ‘इरेज ३.’ गेला मूळचा पाचवा. आता माझ्याकडे चार उरले होते आणि चौथ्या घरात काकू हसत होत्या. आता चारचीच पाळी होती, हे मला कळत होतं. मला ‘नको’ म्हणायचा हुकूमच शिकवलेला नाही. हुकूम आला, मी तो पाळला आणि ‘ठीक’ असं कळवलं.

‘इरेज ५’ ला मी कळवलं, असा फोटो नाही. ‘इरेज ६’ लाही तेच. काका चरकले. त्यांनी ‘काउंट’ विचारलं. मी म्हटलं, तीन. त्यांनी ते तिन्ही मागवले. अर्ध्या तासाने तीन जबडे पडद्यावर आले.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, पुसताना शेवटून सुरुवात करायची असते. पुढून पुसलं की मागचे सरकतात.”

“हे पुठ्ठ्यावर नव्हतं गं.”

“राहिलं माझं लिहायचं,” ती म्हणाली. “ मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“मला कवळ्या माहीत, बाळा,” काका म्हणाले. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. काका रडले नाहीत. त्यांनी मला दांड्यावरून सोडवलं, माझ्याभोवती वायर गुंडाळली आणि मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. मला बोल लावला असता तरी चाललं असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

पण मित्रांनो, त्या दोघांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. शाळेत हजेरीपटावरून एखाद्या मुलीचं नाव काढलं, म्हणून ती लगेच वर्गातून उठून जात नाही. तिच्या बाकावर दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत ती तिथेच असते. माझंही तसंच आहे. मी फक्त यादीतून नाव काढतो. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा, हे चार बाक यादीत रिकामे दिसत होते. सातव्यावर काकू पूर्वीसारख्याच हसत बसल्या होत्या. पुसलेलं परत काढून देणारी माणसं असतात म्हणे. पण मला त्यांच्याकडे नेणार कोण? डब्यातल्या अंधारात मी कितीतरी वर्षं त्यांना सांभाळलं. सोबत होती असं म्हणावं, तर हसणारं माणूस जवळ असून त्याच्याशी एक शब्द बोलता येऊ नये, असं ते राहणं होतं.

काका थकले. कॉम्प्युटर बंद पडला, भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर ती छोटी प्रतही गेली; लेकीने तर आपल्याकडची ‘हा नको’ म्हणून ठेवलीच नव्हती. मग लेक वडिलांना आपल्याकडे न्यायला आली. आवराआवर करताना दुपारी तिने माझा डबा उघडला. विजेरीतले चार सेल काढून तिने माझ्यात घातले आणि माझा दिवा लागला.

“बाबा, चालतोय की हा!” ती ओरडली आणि माझी खिडकी डोळ्याला लावली. “इकडे बघा. हसा.”

बोट बटणावर टेकलं. ज्या बोटासाठी मी जन्मभर झुरलो, ते बोट. आणि मी मनात म्हणत होतो, नको, दाबू नको. तिने दाबलं. रिकाम्या फळ्यांसमोरचे काका पहिल्या बाकावर बसले. दुसऱ्यांदा दाबलं, तिसरा बाक भरला. तिसऱ्यांदा दाबलं, पाचवा भरला. मी मोजत होतो.

“आण तो इकडे,” काका म्हणाले. “सारखं माझंच काय थोबाड काढतेस? उभी राहा तिथे. हस जरा.”

त्यांनी एक डोळा मिटला, श्वास रोखला. लेक हसली. त्यांनी बटण दाबलं आणि मी फोटो काढला. मला तो काढावाच लागला. काकू उठून गेल्या. त्या खोलीत दोघं बापलेक मोकळेपणी हसत होते आणि काय झालं ते फक्त मला कळलं होतं.

मित्रांनो, मला दोष द्या हवा तर, पण माझं ऐका. आवडत्या माणसाचा चेहरा एकाच जागी ठेवू नका. त्याची आणखी एक प्रत आजच काढून ठेवा. बघवत नसला तरी काढून ठेवा. आणि कोणाच्या हाती यंत्र सोपवाल, तर तुम्हाला पाठ झालेलं सगळं त्याला लिहून द्या.

त्या दिवशी लेकीने वायरीचं टोक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तिच्या नव्या कॉम्प्युटरला तसं भोक नाही. “बघू नंतर,” असं म्हणून तिने मला डब्यात ठेवलं. आता मी तिच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. सातव्या बाकावर ती स्वतः हसते आहे. तिलाही अजून कोणी उतरवून घेतलेलं नाही.